पत्ता रस्त्याची साक्ष देतो, चालकाची नव्हे

वाहनविम्याच्या हप्त्याचा विषय निघाला की नाशिकमध्ये हल्ली दोन ठरलेल्या बाजू ऐकू येतात. पहिली म्हणते की गाडी तीच, इंजिन तेच, चालवणाराही तसाच सरळमार्गी, मग मुंबई-पुण्याच्या पासिंगला एक दर आणि आपल्या एमएच १५ ला दुसरा हा उघड भेदभाव आहे, तेव्हा साऱ्या देशाला एकच दर लावावा. दुसरी म्हणते की विमा हा आकडेमोडीचा व्यवहार आहे, जिथे क्लेम जास्त तिथे हप्ता जास्त, आणि त्यात न्याय-अन्यायाच्या गोष्टी आणू नयेत. दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या जातात, पण गाडीमालकाचा पत्ता नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हा मूळ प्रश्न दोन्हीकडून सुटतो. माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. गाडी कुठे उभी राहते आणि कुठे फिरते याचा हप्त्याशी संबंध असणे रास्त आहे. मात्र तो संबंध पूर, चोरी, रस्त्याची अवस्था, दुरुस्तीचा खर्च अशा नाव घेऊन सांगता येणाऱ्या कारणांपुरताच असावा, ते कारण ग्राहकाला लेखी कळावे, आणि चालकाच्या स्वतःच्या वागणुकीपेक्षा त्याच्या पत्त्याला जास्त वजन कधीही मिळू नये. कायद्याने सक्तीच्या केलेल्या थर्ड पार्टी विम्यात तर पत्त्याला आज नाही तसा यापुढेही प्रवेश नसावा.

या वादातला अर्धा गोंधळ दोन वेगळ्या विम्यांना एकच समजल्यामुळे होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक वाहनाला जो विमा घ्यावाच लागतो, तो थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये लावले आहेत, आणि ही रक्कम मलबार हिलवरच्या गाडीलाही तीच आहे आणि सुरगाण्यातल्या गाडीलाही तीच. तेव्हा ‘पत्त्यावरून हप्ता बदलतो’ ही तक्रार खरी असते ती दुसऱ्या विम्याबद्दल, म्हणजे ओन डॅमेजबद्दल. हा विमा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असतो आणि तो घ्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर असते.

ओन डॅमेजमध्येही अधिकृत दरपत्रकाने पत्त्याला किती जागा दिली होती, हे पाहण्यासारखे आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफने खासगी मोटारींसाठी देशाचे दोन झोन केले. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे झोन ए, आणि उरलेला सारा देश झोन बी. नाशिक अर्थातच झोन बी मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला झोन ए मध्ये आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ३.२८३ टक्के आणि झोन बी मध्ये ३.१९१ टक्के असा मूळ दर होता. सहा लाख आयडीव्हीच्या गाडीवर हिशेब केला तर पुण्याच्या गाडीला १९,६९८ रुपये आणि नाशिकच्या गाडीला १९,१४६ रुपये येतात. फरक ५५२ रुपयांचा. याच गाडीच्या मालकाने ओळीने पाच वर्षे क्लेम केला नाही तर त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, म्हणजे ९,५७३ रुपयांची वजावट. जुन्या दरपत्रकात पत्त्याचे वजन तीन टक्क्यांच्या आत होते आणि मालकाच्या स्वतःच्या क्लेम-इतिहासाचे वजन निम्म्यापर्यंत जात होते. मला हे प्रमाण मोठ्या शहाणपणाचे वाटते, आणि ‘एकच दर लावा’ म्हणणाऱ्यांनीही या ५५२ रुपयांवर राग काढण्याचे कारण नाही.

खरा बदल झाला तो १ जानेवारी २००७ रोजी. त्या दिवसापासून ओन डॅमेजचे दर खुले झाले आणि जुने टॅरिफ हा सूट मोजण्याचा केवळ आधार उरला. कोणत्या गाडीला किती सूट द्यायची हे कंपनी ठरवू लागली, आणि गाडीचे मॉडेल, वय, इंधन यांच्याबरोबर नोंदणीचे आरटीओ आणि कुठे कुठे पिनकोडही त्या हिशेबात आला. समजा, एका भागातल्या गाडीला ६० टक्के सूट दिली आणि दुसऱ्या भागातल्या तशाच गाडीला ५० टक्के, तर वरच्याच उदाहरणात फरक १,९१५ रुपयांवर जातो, म्हणजे टॅरिफने जाणूनबुजून ठेवलेल्या फरकाच्या जवळपास साडेतीन पट. आणि हा फरक कुठेही दिसत नाही. नूतनीकरणाची कोणतीही नोटीस काढून पाहावी. वरच्या भागात मेक, मॉडेल, सीसी, नोंदणीचे ठिकाण ‘नाशिक’, आयडीव्ही असे तपशील येतात. खाली ‘बेसिक ओडी’ (म्हणजे मूळ ओन डॅमेज) नावाची एक रक्कम, तिच्यातून नो क्लेम बोनसची वजावट, मग झिरो डेप्रिसिएशनसारखे (घसारा न कापता भरपाई देणारे) ॲड-ऑन म्हणजे जादा संरक्षण, थर्ड पार्टीचा ठरलेला आकडा आणि शेवटी जीएसटी. बेसिक ओडीचा आकडा कसा आला, त्यात सूट किती धरली आणि त्या सुटीत ‘नाशिक’ या नोंदीचा वाटा किती, हे विचारले तर एजंटही खांदे उडवतो, कारण त्यालाही संगणकाने तयार आकडाच दिलेला असतो.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते असे की ठिकाणाचा धोका हा कुणाच्या मनाचा खेळ नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या टपापर्यंत पाण्यात गेल्या. त्या भरपाईचा भार पेठ-सुरगाण्याच्या चढावर राहणाऱ्या गाडीमालकाने का उचलावा? नाशिककरांना तर हे वेगळे समजावून सांगायला नको. गोदावरीचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी मारुतीच्या पायाशी आहे तोवर गाडगे महाराज पुलाखाली लोक पूर बघायला उभे असतात, कमरेला लागले की काठावरचे दुकानदार माल हलवू लागतात, छातीशी आले की सराफ बाजाराच्या तोंडाशी पाणी येणार हे सगळे धरून चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्याही वर गेले होते. गोदाकाठी पावसाळ्यात रात्रभर उभी राहणारी गाडी आणि गंगापूर रोडवरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगमधली गाडी यांचा धोका एकच आहे, असे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. इतकेच नव्हे, ओन डॅमेज ऐच्छिक असल्यामुळे त्याचे दर सरसकट सपाट केले तर कमी धोक्याच्या भागातले लोक तो विमाच सोडून देतील, मागे जास्त धोक्याचे उरतील आणि हप्ता त्यांच्यासाठीही वाढत जाईल. समतेच्या नावाखाली मांडलेला ‘एकच दर’ हा उपाय ज्यांच्यासाठी मागितला जातो त्यांनाच शेवटी महाग पडेल. म्हणून पहिल्या बाजूची मागणी मला मान्य नाही.

पण हेच उदाहरण दुसऱ्या बाजूवरही उलटते. पुराचा धोका मोजायची साधने आपल्याकडे पिनकोडपेक्षा कितीतरी बारीक आहेत. पाटबंधारे खात्याने गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर बांधायला परवानगी मागताना या रेषा पाहिल्या जातात, मग हप्ता ठरवताना का पाहू नयेत? एकाच पंचवटीत रामकुंडाला लागून असलेली गल्ली येते आणि जिथे गोदावरीचे पाणी कधीच पोहोचत नाही अशा उंचावरच्या कॉलन्याही येतात. दोघांवर मिळून सरासरी लावली तर ती दोघांच्याही बाबतीत खोटी ठरते. वरच्याकडून जास्त घेतले जाते, आणि काठावरच्याला तो खऱ्या धोक्यात उभा आहे हे हप्त्यातून कळतच नाही.

पिनकोडची तर जन्मकथाच वेगळी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते, ही सहा आकड्यांची पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. पत्रांची वर्गवारी लवकर व्हावी, सारख्या नावाच्या गावांची आणि वेगवेगळ्या लिपींतल्या पत्त्यांची गल्लत होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता, आणि तो तिने उत्तम साधला. कोणत्या पोस्टमनची कोणती हद्द, हे ४२२००१ किंवा ४२२१०१ वरून कळते. त्या हद्दीत किती गाड्या चोरीला जातात, रस्त्यावर दिवे आहेत का, शेजारचे गॅरेज बंपरचे किती पैसे घेते, यांपैकी कशासाठीही ती हद्द आखलेली नाही. शिवाय क्षेत्र जितके लहान तितके त्यातले क्लेम कमी, आणि क्लेम जितके कमी तितका एखाद-दुसऱ्या मोठ्या अपघाताने सरासरीवर होणारा परिणाम मोठा. म्हणजे बारीक केल्याने अचूकता वाढतेच असे नाही. कारण न शोधता फक्त सीमा बारीक केल्या, तर योगायोगालाच दराचे रूप येते.

त्यातही अपघात घराजवळ होतात असे कोणी ठरवले? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे दगावली. धोका रस्त्याच्या अर्ध्या किलोमीटरचा असतो आणि त्यावरून जाणारी माणसे पन्नास ठिकाणची असतात. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या द्वारका चौकातून देवळालीचा कामगार अंबडला जातो, पिंपळगावचा कांद्याचा टेम्पो जातो आणि शिर्डीला निघालेली गुजरातची बसही जाते. चांदवडजवळच्या राहूड घाटात किंवा कसाऱ्याला ब्रेक तापून पुढच्या गाडीवर आदळणारा ट्रक कुणाचा पिनकोड विचारत नाही. नाशिकचा एखादा औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी महिन्याला हजारो किलोमीटर या घाटांतून फिरतो आणि त्याच्याच सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिकेची गाडी भाजी आणण्यापलीकडे बाहेर पडत नाही. दोघांचा पत्ता एकच, दोघांचा धोका मात्र एक नाही. पत्त्यावर सारी भिस्त ठेवणारी पद्धत या दोघांना एका पारड्यात बसवते, आणि पुन्हा स्वतःला नेमकी म्हणवते.

आपल्याकडची नोंद तर पत्त्याचीही नसते. टॅरिफने झोन ठरवला तो गाडीची नोंदणी ज्या कार्यालयात झाली त्यावरून. नाशिकचा मुलगा एमएच १५ पासिंगची गाडी घेऊन पुण्याच्या हिंजवडीला नोकरीला जातो आणि आठ-दहा वर्षे तिथेच राहतो. राज्य बदललेले नसल्यामुळे गाडीचा नंबर तोच राहतो, कागदोपत्री पत्ता बदलायचाही बऱ्याचदा राहून जातो, आणि गाडी कागदावर झोन बी मध्येच असते. उलट, पुण्याहून घेतलेली जुनी एमएच १२ सिन्नरच्या अंगणात उभी राहते आणि तिला पुण्याचा दर लागतो. झोनमधला फरक ५५२ रुपयांचा होता तोवर हे खपून गेले. आज आरटीओच्या नावावर सुटीचे मोठे आकडे हलतात, तेव्हा जी गोष्ट मोजल्याचा दावा केला जातो ती मोजलीच जात नाही, हा दोष गंभीर होतो. जी आकडेमोड गाडी कुठे आहे हेही विचारत नाही, तिला शास्त्र म्हणून मान देण्याची घाई का करावी?

विरुद्ध बाजूचा दुसरा बळकट मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. विमाशास्त्र सांगते की एकट्या माणसाची नोंद फार तोकडी असते. बहुतेक चालक वर्षानुवर्षे एकही क्लेम करत नाहीत, पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याची तर पाटीच कोरी असते, तेव्हा त्याच्याबद्दल काही अंदाज करायचा तर तो ज्या गटातला आहे त्या गटाच्या सरासरीचाच आधार घ्यावा लागतो. हे खरे आहे. आपल्याकडे तर यात आणखी एक उणीव आहे. नो क्लेम बोनस हा क्लेमचा इतिहास सांगतो, चालवण्याचा नाही. उभ्या गाडीला मागून कुणी ठोकले आणि तुम्ही क्लेम केला, तर चूक तुमची नसतानाही बोनस जातो. मात्र या उणिवेवरचा इलाज काय, यावर मी वेगळ्या निष्कर्षाला येतो. नोंद तोकडी असेल तर नोंद चांगली करावी, तिच्या जागी वस्तीची सरासरी कायमची बसवू नये. जुलै २०२२ मध्ये विमा क्षेत्राच्या नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ आणि ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ या ॲड-ऑनना परवानगी दिली. गाडी किती चालली आणि कशी चालवली, यावर हप्ता. ई-चलानची नोंद प्रत्येक गाडीच्या नावावर आहेच. नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगानुसार वेगळा हप्ता आकारावा आणि दिल्लीत तो प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावा, असे सुचवलेही होते. अर्थात गाडीत यंत्र बसवून रोजची हालचाल कंपनीला कळवणे हा खासगीपणाचा मोठा प्रश्न आहे, आणि ते कुणावर लादू नये. पण वर्षाअखेरीस ओडोमीटरचा फोटो देणे यात लपवण्यासारखे फारसे काही नाही. कोऱ्या पाटीच्या नवख्या चालकासाठी गटाची सरासरी पहिली काही वर्षे वापरावी, आणि त्याची स्वतःची नोंद जमत जाईल तसे सरासरीचे वजन उतरत जावे. विमाशास्त्राला हे परके नाही. त्याचा तर हाच मूळ नियम आहे.

आकडे तटस्थ असतात हा समज मात्र इतिहासापुढे टिकत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कर्जासाठी धोकादायक ठरवलेल्या वस्त्यांना लाल रंग दिला. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सरसकट लाल झाल्या. कर्ज नाही म्हणून घरे दुरुस्त झाली नाहीत, घरे पडकी म्हणून धोका जास्त, आणि धोका जास्त म्हणून पुन्हा कर्ज नाही, हे चक्र १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यापर्यंत कागदोपत्री चालू राहिले आणि त्याचे व्रण पुढेही राहिले. नकाशातला आकडा त्या दिवशी चुकीचा नसेलही, पण उद्याचे वास्तव घडवण्यात त्याचा हात होता. ब्रिटनमध्ये २०२२ साली सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने वाहनविम्याचे दर तपासले, तेव्हा ज्या भागांत कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांची वस्ती मोठी आहे तिथे वर्षाला किमान २८० पौंड जास्त मोजावे लागतात असे दिसले. आम्ही वंश विचारतच नाही, असे कंपन्या म्हणाल्या, आणि ते खरेही होते. विचारायची गरजच नव्हती, पोस्टकोड पुरेसा होता. आपल्या गावांकडे आणि शहरांकडे जरा पाहा. गावठाण, वाडा, मोहल्ला, कॅम्प, झोपडपट्टी, कॉलनी, जात आणि धर्म पत्त्यात जितके उघड लिहिलेले आपल्याकडे आहेत तितके फार थोड्या देशांत असतील. जात विचारून हप्ता ठरवा असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. मग जात ज्यातून वाचता येते अशी नोंद डोळे मिटून वापरू द्यायची का? मालेगावला स्वतःचा एमएच ४१ आहे, नाशिकला एमएच १५. उद्या या दोन नंबरांना वेगवेगळी सूट लागली तर ती रस्त्यांमुळे, चोऱ्यांमुळे की आणखी कशामुळे, हे मालेगावच्या ग्राहकाला कळण्याची आज काहीही सोय नाही. माझा आक्षेप या अंधारावर आहे.

समाजाला हवे तर खरा आकडाही बाजूला ठेवता येतो, याचा दाखला युरोपने दिला. तरुण पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त अपघात करतात ही आकडेवारी पक्की होती, तरी युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये लिंगावरून हप्ता ठरवणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ते बंद झाले. त्याची किंमत होती, अनेक तरुणींचा हप्ता वाढला, आणि ती किंमत लपवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियाने वेगळा आणि मला अधिक पटणारा मार्ग घेतला. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रोपोझिशन १०३ ने पत्त्यावर बंदी घातली नाही, त्याला पायरी दाखवली. सर्वांत आधी चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाला तो किती अंतर गाडी चालवतो, मग त्याच्या अनुभवाची वर्षे, आणि बाकीचे घटक या तिघांनंतर. त्या क्रमाची नीट अंमलबजावणी व्हायला पुढे वर्षे गेली, ग्रामीण भागातून दर वाढण्याची भीती व्यक्त झाली, कंपन्या कोर्टात गेल्या. तरी तत्त्व टिकले: माणूस स्वतः जे करतो ते आधी, तो जिथे राहतो ते नंतर.

हे तत्त्व परदेशातून आणावे लागते असेही नाही. सरासरीने होणारा अन्याय आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याइतका कुणी भोगलेला नाही. गावाची पैसेवारी, म्हणजे गावातल्या पिकाचा सरासरी अंदाज, ५० पैशांच्या वर लागली की ज्याचे शेत करपले त्यालाही दुष्काळाची सवलत नाही. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरते. शेजारच्या चार गावांत पीक बरे आले की आपल्या गेलेल्या पिकाचे पैसे बुडतात, ही निफाड-दिंडोरीची जुनी तक्रार आहे. म्हणूनच त्या योजनेत गारपीट किंवा पाणी साचण्यासारख्या स्थानिक आपत्तीसाठी ७२ तासांत कळवून वैयक्तिक पंचनाम्याची तरतूद ठेवावी लागली. क्षेत्राची सरासरी सोयीची असते, स्वस्त असते, पण जिथे माणसाचे स्वतःचे नुकसान डोळ्यांनी दिसते तिथे ती अपुरी पडते, हे सरकारने त्यातून कबूल केले. याहून मागे जायचे तर विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची शेतसाऱ्यासाठीची जमीनपाहणी आठवते. त्यांच्या आधीच्या प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी अवाजवी ठरून कोसळल्यावर त्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवे काम सुरू केले. पाऊसमान आणि बाजाराची जवळीक पाहून गावांचे गट पाडले आणि गटाचा कमाल दर ठरवला, म्हणजे ठिकाणाला त्यांनीही महत्त्व दिले. पण त्या दराखाली प्रत्येक शेताची माती वेगळी तपासून तिची प्रत आण्यांत लिहिली, आणि एकदा ठरलेला दर तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. ती परकी, सारा गोळा करायला बसलेली राजवट होती, तिची लबाडी आणि कठोरपणा आपण जाणतो. तरीही गट आणि शेत यांतला भेद तिच्या मोजणीदाराला पाळावा लागला, कारण नुसत्या गटावर आकारणी टिकत नाही हे प्रिंगलच्या फजितीने शिकवले होते. ज्या काळात शेतावर जाऊन चर खणल्याशिवाय प्रत ठरत नव्हती त्या काळात हे जमले, तर एका कळीवर गाडीचा सारा इतिहास समोर आणणाऱ्या काळात का जमू नये?

थर्ड पार्टीबद्दल मी सुरुवातीला जे म्हटले त्याचे कारण आता देतो, कारण हे दरही ‘वास्तववादी’ करा, भागानुसार करा, असा सूर अधूनमधून निघतो. ओन डॅमेज सोडता येतो, म्हणून तिथे धोक्याप्रमाणे किंमत लावणे भाग आहे. थर्ड पार्टी सोडता येत नाही, त्यामुळे चांगले ग्राहक पळून जातील ही भीती तिथे नाही. शिवाय हा विमा गाडीमालकासाठी नसतोच. तो रस्त्याने पायी चाललेल्या माणसासाठी असतो, सायकलवरच्या मुलासाठी असतो. देशात रस्त्यावर असलेल्या वाहनांपैकी जवळपास निम्मी आजही विनाविमा धावतात, त्यांत दुचाकींचा भरणा मोठा आहे. ज्या भागात अपघात जास्त, तिथे हा हप्ता वाढवला तर तिथेच विनाविमा गाड्या वाढतील, म्हणजे जिथे भरपाईची गरज सर्वाधिक तिथेच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी होईल. सक्ती सरकारची असेल तर तिचा बोजाही साऱ्या देशाने समान वाटून घ्यावा.

राहता राहिला प्रश्न करायचे काय. आयआरडीएआयने कंपन्यांना एवढे बंधनकारक करावे की पॉलिसीच्या कागदावर बेसिक ओडीच्या खाली ‘ठिकाणामुळे झालेला फरक’ अशी एक वेगळी ओळ यावी, रुपयांत आणि कारणासह: पूर, चोरी, दुरुस्तीचा दर, अपघातांचे प्रमाण. या ओळीतली रक्कम चालकाच्या स्वतःच्या नोंदीमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठी असू नये. ग्राहकाने कारण खोडून काढणारा पुरावा दिला, उदाहरणार्थ पूररेषेबाहेरचा दाखला किंवा बंद पार्किंगची नोंद, तर ती रक्कम कमी व्हावी. जुन्या टॅरिफमध्येही मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्र बसवणाऱ्याला अडीच टक्के सूट होतीच, म्हणजे मालकाने स्वतःहून धोका कमी केला तर त्याला श्रेय देण्याची रीत नवी नाही.

या ओळीचा नाशिकला आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या नाशकातल्या गल्लीत गाडी रस्त्यावर उभी राहते, कारण त्या गल्लीसाठी वाहनतळ कुणी बांधला नाही. सातपूरच्या एखाद्या चौकात ठोकाठोकी होते, कारण तिथला सिग्नल महिनोन्‌महिने बंद असतो. आज त्या रहिवाशाने आधी खड्डे सोसायचे आणि मग त्याच खड्ड्यांबद्दल जास्त हप्ता भरायचा, अशी दुहेरी शिक्षा होते, आणि ती दिसत नसल्यामुळे तिच्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. कारण आणि रक्कम छापून आली तर प्रभागातले लोक महापालिकेला सांगू शकतील की तुमच्या या चौकामुळे आमच्या प्रत्येक गाडीला वर्षाला इतके रुपये जास्त पडतात. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते, पूल, वाहनतळ यांवर मोठा खर्च होतो आहे. पर्वणी आटोपल्यावर हे रस्ते खरेच सुरक्षित झाले असतील तर त्याचा लाभ इथल्या हप्त्यात उतरला पाहिजे, आणि उतरला नाही तर का नाही, हे विमा कंपनीला किंवा महापालिकेला, दोघांपैकी एकाला सांगावे लागेल. अपघातांची सरकारी नोंदप्रणाली आता जागेच्या अक्षांश-रेखांशासह भरली जाते. तिची आणि विमा कंपन्यांच्या क्लेमची, माणसांची नावे वगळून, सांगड घालण्यात कुणाचेही नुकसान नाही.

शेवटी पासिंगचा प्रश्न. दर ठरवायचा तो गाडी प्रत्यक्ष जिथे राहते तिथला, मालकाने नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या सहीने जाहीर केलेला असावा, आणि आरटीओच्या नंबरावरून तो गृहीत धरणे बंद व्हावे. यात आपल्यापैकी काहींचे नुकसान आहे. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे राहणाऱ्या एमएच १५ च्या गाड्यांचा हप्ता वाढेल, आणि पत्ता खरा असावा ही मागणी आपण करत असू, तर तो वाढू दिला पाहिजे.